जीपचं नाक

सेतुरामने ड्रिलचं टोक मडगार्डच्या पत्र्यावर टेकवलं आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला. पत्रा किंचाळला. कुंपणापलीकडे नारळ सोलत बसलेल्या गुरुमूर्तीने कोयता खाली ठेवला आणि दोन्ही कान झाकून घेतले.

भोक आरपार गेलं. सेतुरामने कडेचा लोखंडी कीस फुंकून उडवला आणि खडूने काढलेल्या वर्तुळावर पुढचं भोक पाडायला घेतलं. अशी भोकं गोलाकार पाडायची आणि मधला पत्रा छिन्नीने उडवायचा, म्हणजे त्यातून मनगटाएवढी नळी वर काढता येणार होती. हे दुसरं वर्तुळ. पहिलं चार बोटं मागे पडलं होतं. त्यातून नळी घातली तर बॉनेटच उघडेना. त्या चुकीवर त्याने तेलाच्या डब्याचा पत्रा कापून रिव्हेट मारून बसवला होता, आणि डब्यावरचं भुईमुगाचं चित्र अजून अर्धं दिसत होतं.

"नाक टोचून झालं," गुरुमूर्ती कुंपणापाशी येत म्हणाला. "कान कधी टोचायचे?"

"तुझ्या नातवाचे टोचशील तेव्हा. एकत्रच उरकू, जेवणावळ एक वाचेल."

गुरुमूर्ती हसला. मग तो कुंपणाला टेकला आणि आवाज उतरवून बोलू लागला. गावात जे चाललं होतं तेच त्याने सांगितलं. घरातून माणूस गेलं की वर्षभर घराला चुना लावत नाहीत, डोंगरावरच्या देवाला जात नाहीत, दिवाळीचं पक्वान्नसुद्धा शेजारच्यांनी आणून द्यायचं. आणि सेतुराम अंगणात लग्नघरासारखा ठोकाठोक करत बसलाय. लोकांना वाटतं, याचं डोकं फिरलं.

"वर्ष व्हायचंय अजून, सेतु."

"नवं काही करत नाहीये. गाडी जुनीच आहे," सेतुराम म्हणाला आणि ड्रिलचा खटका दाबला.

जीप खरोखरच जुनी होती. डोंगरातल्या कॉफीच्या मळ्यात राबून थकलेली, चारही चाकं ओढणारी, डिझेलची. सेतुराम तालुक्याच्या कचेरीत कारकून असताना त्याने ती घेतली, तेव्हा कचेरीतले सगळे हसले होते. कारकुनाला स्कूटर शोभते. पण त्याच्या बायकोला, अंबुजाला, ती आवडली. उंचावर बसून भातशेतं बघत जायचं, मांडीवर भाजलेल्या शेंगांचा पुडा ठेवायचा, आणि वाटेत कोणी ओळखीचं चालताना दिसलं की मागे बसवून घ्यायचं. पाच जणांची गाडी तिच्यामुळे नेहमी आठ जणांची व्हायची.

गाव तिरुवैयारुच्या पुढे, कावेरी आणि कोळ्ळिडम यांच्या मधल्या सखल पट्ट्यात. गाव आणि मोठी सडक यांच्यामध्ये एक कालवा आहे आणि त्यावर जुनं तरैप्पालम, म्हणजे जमिनीलगतचा बुटका पूल. खाली मोऱ्या, वर कठडा नसलेला सिमेंटचा पट्टा. पाणी वाढलं की तो पट्टा बुडतो. गेल्या कार्तिकात अंबुजाला भर दुपारी धाप लागली, तेव्हा तो बुडालेलाच होता. पलीकडच्या काठाला रुग्णवाहिका येऊन उभी राहिली. तिच्या टपावरचा दिवा गरगरत होता. सेतुरामने अंबुजाला मागे आडवं केलं, जीप पाण्यात घातली, आणि जीप मधोमध बंद पडली. हवेच्या वाटेने इंजिनात पाणी शिरलं होतं. गावकऱ्यांनी अंबुजाला खाटेवर घालून खांद्यावरून पलीकडे नेलं. खाट तिथे टेकली तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

जीप दोरखंडाने ओढून काढली त्या दिवशी सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, भंगारात घाल. बारावं-तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि सेतुरामने इंजिनाचा पहिला बोल्ट सोडला.

इंजिनातला वाकलेला रॉड बदलायचं काम तंजावरच्या गॅरेजात झालं. बाकीचं त्याने घरी अंगणातच करायचं ठरवलं. त्याला यातलं काही येत नव्हतं. फोनवर तो लोकांचे व्हिडिओ बघायचा; त्यातले निम्मे त्याला न कळणाऱ्या भाषांत होते, पण पाना कुठल्या बाजूला फिरतो हे बघायला भाषा लागत नाही. त्याने चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एकेक जादा पाटा घालून गाडी वीतभर उंच केली. एक्सलच्या हवेच्या नळ्या लांबवून वर बांधल्या. सायलेन्सरचं तोंड मागून वळवून छताकडे नेलं. आता उरली होती ती इंजिनाची श्वास घ्यायची नळी. ती मडगार्डमधून बाहेर काढून, डाव्या बाजूने काचेला लागून, कापडी छताच्याही वर न्यायची होती. वर बसवायला ट्रॅक्टरची जाळीदार टोपी त्याने आणून ठेवली होती.

"ऊन डोक्यावर आलंय," दारातून आवाज आला. "जावयांनी जेवून घ्यावं."

हे जीपच्या पुढच्या चाकाला उद्देशून होतं. दारात गंगाबाई उभ्या होत्या, अंबुजाची आई, सेतुरामच्या खांद्याला जेमतेम लागतील एवढ्या उंचीच्या. नवरा गेल्यावर त्या लेकीकडे राहायला आल्या त्याला बरीच वर्षं झाली होती, पण जावयाला त्यांनी कधी नावाने हाक मारली नव्हती की 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. जुन्या रीतीने सासूने जावयाशी थेट बोलायचं नसतं. अंबुजा होती तोवर त्या तिच्याकडे बघून बोलायच्या आणि ऐकायचं सेतुरामने. आता जे समोर असेल त्याच्याकडे बघून बोलत. कधी खांब, कधी चूल, अलीकडे बहुतेक जीप.

"आलोच, अत्तै," सेतुराम म्हणाला. सासूला इथे अत्तै म्हणतात.

"आणि गाडी एवढी उंच केलीय ती चढायची कोणी? माकडांनी?"

सेतुरामने हात पुसता पुसता जीपकडे पाहिलं. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो लोहाराकडून डाव्या बाजूला जोडायची पायरी घेऊन आला, खाली लोंबणारी, रुंद, वर खरबरीत पत्रा मारलेली. ती बसवण्यासाठी त्याने पुढची सीट काढली, तर सीटखाली शेंगांची टरफलं निघाली. तो उकिडवा बसून थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. फडकं हातातच होतं. मग त्याने चारही बोल्ट आवळून सीट होती तशी वर बसवली.

वर्षश्राद्धाला त्यागराज आला. अंबुजाचा धाकटा भाऊ, मद्रासच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, पाचव्या मजल्यावर घर. उंच, दारातून येताना मान वाकवणारा. त्याने सगळं रीतसर केलं, भटजींच्या पुढ्यात बसला, कावळ्याला पिंड ठेवायला स्वतः गेला. पण त्याचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता आणि तो ते लपवतही नसे. आईच्या समाधानासाठी करतो, म्हणायचा.

तो आला त्याच दिवशी पावसाने बस्तान मांडलं. श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, कॉफी झाल्यावर, त्याने विषय काढला. आईने आता त्याच्याबरोबर यावं. तिकीट काढलेलं होतं.

"अत्तैंना विचारलंस?" सेतुरामने विचारलं.

विचारायचं काय, असं त्यागराजचं म्हणणं. अक्का होती तोवर गोष्ट वेगळी होती. आता नातेवाईक तोंडावर विचारतात, मुलगा जिवंत असताना आई जावयाकडे कशी?

"त्यांना सांग, जावईसुद्धा जिवंत आहे."

"भावजी, मी भांडायला नाही आलो."

"मग कॉफी घे अजून."

गंगाबाई खांबाला टेकून सुपारी कातरत होत्या. त्यांनी मुलाला सांगून टाकलं की त्यांना मद्रास मानवत नाही. तिथे जो तो अम्मा अम्मा करतो आणि कोणी भांडत नाही. दिवसभर माणसाने करायचं काय? त्यागराजने ते हसण्यावारी नेलं. सेतुराम हसला नाही. रोज सकाळी फिल्टरमधून दोन टंबलर कॉफी काढायची, एकात साखर जास्त, आणि ती कडू झाली म्हणून खांबाने ऐकायचं, एवढंच या घरात पहिल्यासारखं उरलं होतं. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हता.

"अक्का त्या पाण्यापाशी गेली," त्यागराज शेवटी म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "उद्या आईला काही झालं तर?"

"आता जीप पार जाईल."

"मागच्या वेळीही जीप होती."

सेतुरामने हातातला टंबलर खालच्या वाटीत, डबऱ्यात, ठेवला. तो नीट बसला नाही. त्याने तो उचलला आणि पुन्हा ठेवला. बाहेर पागोळ्या गळत होत्या. अंगणात ताडपत्रीखाली जीप उभी होती आणि ताडपत्रीतून तिची नळी वर आली होती.

अडकित्त्याचा आवाज थांबला.

"पाणी चढलंय म्हणे पुलावर," गंगाबाई म्हणाल्या. या वेळी त्या मुलाकडे बघून बोलत होत्या. "सकाळी मी बसते गाडीत. पार गेली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. मध्ये थांबली तर तशीच तुझ्याबरोबर स्टेशनवर येते. गाठोडं घेऊनच बसते, म्हणजे तुझा खोळंबा नको."

दोघेही एकदम बोलू लागले. त्यागराज म्हणत होता, हा काय पोरखेळ आहे. सेतुराम म्हणत होता की आधी तो एकटा जाऊन येईल, रिकामी गाडी नेऊन बघेल, मग ठरवू. गंगाबाईंनी दोघांचं ऐकून घेतलं.

"गाडी कोणाकरता केली?" त्यांनी खांबाला विचारलं. "ज्यांच्याकरता केली त्यांना बसू दे की."

सकाळी पाऊस जरा उसंत घेऊन पुन्हा लागला. सेतुराम सगळ्यांच्या आधी पुलावर गेला. बांबू टेकवत टेकवत तो पूर्ण पट्टा चालून पलीकडे गेला आणि परत आला. सिमेंट जागेवर होतं, कुठे खचलं नव्हतं. पाणी मांडीपर्यंत, गढूळ, पण ओढ फार नव्हती. त्याने दोन्ही कडांना उभे बांबू रोवून फडकी बांधली, म्हणजे वाट दिसेल. ओढ जास्त असती तर त्याने गाडी घातली नसती. तसं त्याने गुरुमूर्तीला सांगितलंही. गुरुमूर्ती दोरखंड घेऊन आला होता. त्याच्यामागे अर्धं गाव छत्र्या घेऊन आलं होतं.

घरी जीप अंगणाबाहेर काढून ठेवलेली होती. त्यागराज तिच्याजवळ उभा होता, डोक्यावर टॉवेल. रात्रभर झोपला नसावा. गंगाबाई नऊवारी वर खोचून, गाठोडं काखेला मारून आल्या आणि चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवू लागल्या.

"लिंबावर गाडी चालते का, आई? ब्रेकचं विचार, ब्रेकचं."

"तू गप. तुला इंजिनातलं कळत नाही आणि लिंबातलंही."

पंख्यावर पाणी येऊ नये म्हणून सेतुरामने रेडिएटरपुढे ताडपत्रीचा तुकडा आवळून बांधला. इंजिन सुरू केलं. ते एका दमात लागलं आणि एकसारखं धडधडू लागलं. गंगाबाईंनी पायरीवर पाय ठेवला, दांडी धरली आणि कोणाचा हात न घेता वर चढून पुढे बसल्या. त्यागराज मागे चढला.

"तू कशाला?" सेतुरामने विचारलं.

"माझी आई आहे."

लिंबं चिरडली गेली. जीप उतारावरून पुलाकडे निघाली.

पाण्याला चाक लागलं तेव्हा सेतुरामने खालचा गिअर टाकला आणि मग पाय हलवला नाही. पाणी पायरीवर आलं. पायरी दिसेनाशी झाली. तळाच्या पत्र्याच्या फटींतून पाणी आत येऊ लागलं, गार, चिखलाच्या वासाचं. गंगाबाईंनी गाठोडं मांडीवर घेतलं. पाऊस कापडी छतावर ताशासारखा वाजत होता. दोन्ही बाजूंचे बांबू एकामागून एक मागे जात होते. सेतुराम समोरच बघत होता. मधली ती जागा आली. ती ओळखायला त्याला कुठल्या बांबूची गरज नव्हती. त्याने स्टीअरिंग धरलं होतं तसंच धरून ठेवलं. ती जागा मागे पडली.

तेवढ्यात इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. आरशात काळा धूर दिसला, छताच्या उंचीवरून निघून पाण्यावर पसरणारा. सेतुरामने पाय दाबला. इंजिनाने जोर केला नाही. ते दम लागलेल्या माणसासारखं दोनदा हललं आणि बंद पडलं.

पावसाचा आणि पाण्याचा आवाज तेवढा राहिला.

"थांबली," गंगाबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात काहीच नव्हतं, ना राग, ना दुःख. जे झालं ते त्यांनी सांगितलं.

काठावरून गुरुमूर्ती ओरडून विचारत होता, दोर टाकू का? सेतुरामने हात बाहेर काढून नको म्हटलं. त्याने दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले. मागे धप्प असा आवाज झाला. त्यागराज पाण्यात उतरला होता आणि मागची दांडी धरून उभा होता, जीप वाहून गेली तर तो एकटा तिला थोपवणार असल्यासारखा.

सेतुरामही उतरला. पाणी थंड होतं. बॉनेटला धरून तो समोरून वळसा घालून निघाला, आणि चालता चालता त्याचं डोकं पुन्हा चालू लागलं. पाणी आत गेलं असतं तर इंजिन ठोका देऊन जागच्या जागी जाम झालं असतं. गेल्या वेळी तसंच झालं होतं. आज ते गुदमरून मेलं. काळा धूर म्हणजे डिझेल जातंय आणि हवा मिळत नाही. त्याने मान वर केली.

छताच्या वर, नळीच्या टोपीखाली, जिथून जाळीतून हवा आत जाते तिथे काहीतरी पिवळं गुंडाळलेलं होतं.

तो पायरीवर चढला, दांडीला धरून ताणला आणि त्याने ते चाचपलं. हळदीत बुडवलेलं कापड. हिरव्या काठाच्या नव्या वेष्टीची, म्हणजे धोतराची, फाडलेली पट्टी, जाळीभोवती दोन-तीन वेढे घालून बांधलेली. कोरडी होती तोवर तिच्यातून हवा जात होती. पावसाने चिंब भिजली आणि जाळीला चिकटून बसली. टोकाला एक पुरचुंडी होती आणि पुरचुंडीत नाणं. मारिअम्मन देवीला कोणाच्या जिवासाठी नवस बोलला की इथली माणसं असं नाणं हळदीच्या फडक्यात बांधून ठेवतात.

"अत्तै," त्याने खाली वाकून विचारलं, "हे तुम्ही बांधलं?"

गंगाबाईंनी मान बाहेर काढून वर पाहिलं. पाऊस तोंडावर आला तशी त्यांनी मान पुन्हा आत घेतली.

"माझा हात पोचतो का तिथवर?" त्या समोरच्या काचेला म्हणाल्या.

नव्हता पोचत. सेतुरामचाच कसाबसा पोचला होता. त्याने मागे पाहिलं. त्यागराज कमरेखालपर्यंत पाण्यात उभा होता. डोक्यावरचा टॉवेल वाहून गेला होता. मागच्या लोखंडी दांडीवर त्याने दोन्ही हात घट्ट धरले होते आणि त्या हातांची बोटं नखांपर्यंत पिवळी होती.

गाठी तीन होत्या, एकीवर एक. भिजून दगड झाल्या होत्या. सेतुराम एका हाताने लटकून दुसऱ्या हाताच्या नखांनी त्या सोडवू लागला. एक वर्ष. पाटे, नळ्या, चुकीच्या जागी पडलेलं भोक, हाताला लागलेले चटके. एक झटका दिला असता तर फडकं फाटून खाली आलं असतं आणि पाण्याबरोबर गेलं असतं. त्याचा हात तसा आवळलाही. मग त्याने पुन्हा नख घातलं. ज्याने या बांधल्या त्याचा एका गाठीवर भरवसा बसला नव्हता. दोनांवरही नाही.

शेवटची गाठ सुटली. त्याने फडकं काढून शर्टाच्या खिशात कोंबलं आणि खाली उतरला.

"भावजी, मला वाटलं ती नळी म्हणजे..." त्यागराज म्हणाला. ती नळी म्हणजे काय वाटलं, ते त्याला सांगता येईना. "सगळ्यांत उंच होती. कोणाला दिसणार नाही म्हणून."

"आत बस. पाणी वाढतंय."

सेतुरामने बटण दाबलं. इंजिन दोन वेळा नुसतं फिरलं. तिसऱ्यांदा काळ्या धुराचा एक लोट सोडून लागलं आणि मग आवाज साफ झाला. त्याने क्लच सोडला. जीप सरकली. पाणी पायरीखाली गेलं, चाकांखाली गेलं, आणि पुढची चाकं पलीकडच्या चढावर चढली. मागे, दूरच्या काठावर, छत्र्या हलताना दिसत होत्या. गुरुमूर्तीने दोरखंड डोक्यावर धरून फिरवला.

वर सडक लागली. डावीकडे तिरुवैयारु आणि तिथून तंजावरचं स्टेशन. सेतुरामने जीप कडेला घेतली. इंजिन चालू ठेवलं. खिशातलं फडकं गळत होतं आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर पिवळा डाग उतरत होता.

गंगाबाईंनी तो डाग पाहिला. मग त्यांनी गाठोड्याची गाठ तपासली.

"गाडी मध्ये थांबली होती," त्या म्हणाल्या. त्या समोर बघत होत्या, पण आवाज मागच्या सीटपर्यंत पोचेल एवढा होता. "मी बोलले ते बोलले. जावयांनी गाडी स्टेशनच्या वाटेला लावावी."

सेतुरामने त्यांच्याकडे पाहिलं. त्याच्या ओठांवर आलं होतं. एकच वाक्य बोलायचं होतं, गाडी पाण्याने नाही, फडक्याने थांबली, आणि ते खरं होतं. आरशात त्याला त्यागराज दिसला. ओले केस कपाळाला चिकटलेले, हात मांडीखाली दडवलेले. अंबुजाचं कपाळ असंच होतं. सेतुरामने गिअरवर हात ठेवला.

एक बस हॉर्न वाजवत गेली आणि तिने उडवलेलं पाणी जीपच्या अंगावर आलं. तिघांपैकी कोणी हललं नाही.

"भावजी," त्यागराज म्हणाला. "ते द्या इकडे."

त्याने दोन सीटच्या मधून हात पुढे केला होता, तळवा वर करून. सेतुरामने खिशातलं फडकं काढून त्यावर ठेवलं. त्यागराजने ते पिळलं. पिवळं पाणी तळाच्या पत्र्यावर पडलं आणि गढूळ पाण्यात मिसळलं. त्याने पुरचुंडीतलं नाणं आहे ना ते दाबून पाहिलं. मग तो सीटवरून उतरून गुडघ्यावर बसला आणि गाडीच्या आत इकडे तिकडे बघू लागला. छताच्या कांबीला त्याने हात लावला आणि काढून घेतला. शेवटी मागच्या फळीजवळची खालची दांडी त्याने निवडली. फडकं तिच्याभोवती एकदा फिरवून तो थांबला.

"इथे बांधलं तर चालेल?" त्याने विचारलं. "हिच्या हवेच्या आड नाही ना येत?"

गंगाबाई मागे वळल्या नाहीत. सेतुराम वळला. त्याने हात सीटच्या पाठीवर टाकून ती दांडी नीट पाहिली.

"चालेल," तो म्हणाला.

त्यागराजने गाठ मारली. "स्टेशन राहू दे," तो म्हणाला. सेतुरामने आरशात बघत गाडी मागे घेतली, स्टीअरिंग पुरतं फिरवलं आणि जीपचं तोंड पुन्हा पुलाकडे केलं. खाली पाणी तसंच वाहत होतं, मघापेक्षा बोटभर जास्तच. गंगाबाईंनी गाठोडं उचलून मागे मुलाच्या अंगावर टाकलं, ओले पाय वर घेतले आणि सीटवर ऐसपैस मांडी घातली.